साखरेच्या पाण्यात बल्ब लागत नाही

आमच्या मीठसाखर सरांना लग्नाला बोलवायचं म्हणजे पोरीच्या बापाच्या जिवाला घोर. सर आहेर आणायचे, पंगतीत वाढायला उभे राहायचे, मांडवात कुणाशी वाकडं बोलायचे नाहीत. पण अक्षता पडल्या की स्टेजवर चढून नवरानवरीला आशीर्वाद द्यायचे आणि जाता जाता निकालही देऊन जायचे. "मीठ आहे," नाहीतर "साखर आहे." एवढंच. की लागली मांडवभर कुजबुज. मीठ म्हणजे आयनिक बंध: एकानं आपल्याकडचं दिलं, दुसऱ्यानं घेतलं, आणि त्या देण्याघेण्यातून जी ओढ तयार झाली तिच्या जोरावर दोघं एकमेकांना धरून राहिले. साखर म्हणजे सहसंयुज बंध: कुणी दिलं नाही, कुणी घेतलं नाही, दोघांनी आपापलं मध्ये ठेवलं आणि दोघांनी मिळून वापरलं. आमच्या भागात दहावीला विज्ञानात गचकलेल्या माणसालाही हा फरक तोंडपाठ आहे, कारण त्याच्या नाहीतर त्याच्या भावाच्या लग्नात सरांनी तो लावून दाखवलेला असतो.

माझ्या लग्नात त्यांनी माझ्या नवऱ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मीठ." मी आपली डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "चांगलं का वाईट, सर?" तर म्हणाले, "वाईट काय त्यात? मिठाचा खडा वितळवायला आठशे अंशांची भट्टी लागते. लई मजबूत. फक्त हातोडी पडू देऊ नको. एक थर जरा सरकला की सारखे भार समोरासमोर येतात, आणि काल ज्यांनी धरलं होतं तेच ढकलायला लागतात." हातोडी पडली. दुसऱ्या दिवाळीला मी बापाच्या घरी परत आले ती आलेच, आणि पुढं एसटीत कंडक्टर म्हणून लागले. ती कहाणी सांगायची मला हौस नाही. सांगायचंय ते सरांचं.

सर मूळचे परळीचे. त्यांच्या लहानपणी घराच्या पत्र्यांवर औष्णिक केंद्राची राख बसायची, आणि त्यांच्या आईनं कधी पापड-कुरडया उघड्यावर वाळत घातल्या नाहीत, असं ते सांगायचे. "मी राखेत वाढलेला माणूस, मला स्वच्छ गोष्टींचं वेड आहे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शर्ट पांढरा. फळा पुसायचा तर ओल्या फडक्यानं, वरून खाली. पोरांच्या वह्यांत खाडाखोड दिसली की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. आणि प्रयोग करायचा तर तो असा स्वच्छ यायला पाहिजे, की मागच्या बाकावरच्या ढ पोरालाही त्यात शंका उरता कामा नये. या एका वेडापायी पुढं काय झालं ते येईलच.

नववीला त्यांनी बंध शिकवले तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. वर्गात दोघांत एक पुस्तक असायचं. सरांनी मला पुढं बोलावलं आणि मुलांकडून सोपानला. सोपान म्हणजे वस्तीवरच्या धनगराचा पोरगा, मेंढरांमागनं धावत शाळेत यायचा, पायाला कायम माती. सरांनी माझ्या हातात एक खडू दिला, म्हणाले, "ही सोडियम. हिला हा एक इलेक्ट्रॉन नकोसा झालाय, लांबलेल्या पाहुण्यासारखा. हा क्लोरीन. ह्याला एकच कमी आहे. दे त्याला." मी दिला. "आता हिच्याकडं धन भार, ह्याच्याकडं ऋण. आता हे एकमेकांना सोडत नाहीत." वर्ग काय हसला म्हणता. मग खडू काढून घेतला, पुस्तक दिलं, एक बाजू मी धरायची, एक त्यानं. "आता हे सहसंयुज. पुस्तक कुणाचं?" सोपान म्हणाला, "दोघांचं." सर म्हणाले, "हिनं सोडलं तर?" सोपान म्हणाला, "पडतंय की, सर." त्यानंतर वर्षभर पोरींनी मला सोडियमबाई म्हणून छळलं. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

दुसऱ्या दिवशी बल्बचा प्रयोग. निकामी सेल फोडून काढलेल्या कार्बनच्या दोन कांड्या, त्यांना वायर, मधे झिरोचा बल्ब, आणि वायरीचं टोक वर्गातल्या बोर्डात. सर लाकडी पेटीवर उभे राहायचे आणि आम्हाला भिंतीला लावायचे. कांड्या काचेच्या ग्लासात. नुसतं पाणी, बल्ब विझलेला. पाण्यात मीठ टाकलं की बल्ब लागायचा, आणि पोरं टाळ्या पिटायची. ग्लास धुऊन दुसरं पाणी, त्यात साखर. कितीही ढवळा, बल्ब ढिम्म. "मीठ विरघळलं की त्याचे आयन सुटे होतात. सुटे झाले की हिंडतात, आणि हिंडताना करंट वाहून नेतात. साखरेचा रेणू विरघळला तरी अख्खाच राहतो. त्याच्याकडं वाहून न्यायला काही नाही. लिहा. साखरेच्या पाण्यात बल्ब लागत नाही."

मग म्हणाले, आता उद्या घरनं एकेक वस्तू आणा, तपासू. कुणी तुरटी आणली, ती मिठाच्या घरातली निघाली. कुणी खाण्याचा सोडा आणला, तोही. सोपाननं शेजारच्या शेतातनं कागदाच्या पुडीत युरिया आणला. खतच ते, आम्हाला वाटलं धडाधड बल्ब लागणार. सरांनी मूठभर युरिया ढवळला. बल्ब लागला नाही. सोपान तोंड वासून बघत राहिला. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाबास रे. साखरेचा भाऊ आणलास. सहसंयुज. खत म्हणून बघाल तर फसाल, बंध बघा." त्या दिवशी सोपान वस्तीवर नाचतच गेला असेल. आपण आणलेल्या वस्तूनं सगळ्या वर्गाला फसवलं, असं मला कितीतरी दिवस ऐकवत होता.

या प्रयोगाचं पाणी सर बीडहून आणायचे. पांढरा कॅन स्कूटरच्या पुढ्यात ठेवून, दोन्ही पायांत धरून. बॅटरीच्या दुकानातलं पाणी, डिस्टिल्ड. आम्हाला वाटायचं प्रयोगाचं पाणीच वेगळं असतं, जसं देवाचं पाणी वेगळं असतं. शाळेच्या आवारात बोअर होतं, हापसा होता, मग बीडहून पाणी कशाला, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

घरी सर एकदम गरीब गाय. काकू त्यांना सगळ्यांच्या देखत विचारायच्या, "काय हो, लोकांचं सांगत फिरता. आपलं काय, मीठ का साखर?" सर चहाच्या कपात बघत म्हणायचे, "अजून तपासतोय." काकूंना मूलबाळ नव्हतं. त्या शाळेतल्या पोरांना घरचीच समजायच्या. कपिलधारला सहल गेली की शंभर धपाटे काकूंनी एकटीनं थापलेले असायचे, आणि सर धबधब्याखाली उभं राहून पाण्याचा रेणू कसा सहसंयुज आहे ते ओरडून सांगायचे. कुणाला ऐकू यायचं नाही. तेही सांगायचं काही थांबवायचे नाहीत.

सोपान दहावीनंतर शिकला नाही. बाप वारला, त्यानं निम्मी मेंढरं काढली, बोअर घेतलं, मोसंबी लावली, ठिबक टाकलं. त्याच्या गावाला जाणारी गाडी पुढं माझ्याच ड्युटीला आली. लिंबागणेशच्या पलीकडं डोंगरात आहे ते गाव, गाडी तिथंच वळते. सोपान कधी खताची पोती घेऊन चढायचा, पोती कुठं ठेवायची यावरून माझ्याशी हुज्जत घालायचा, आणि उतरताना म्हणायचा, "सोडियमबाई, लई कडक झाल्यात तुमी." एवढंच आमचं. त्याचं लग्न ठरत होतं. सरांना बोलवायचंच म्हणत होता. "बघू तर सर काय म्हणत्यात, मीठ का साखर."

ते बघायचं राहिलं. उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी तीन-चार तास लाइट असायची, तेवढ्यात बागेला खत सोडायचं. बोअरजवळच्या सिमेंटच्या हौदात सोपाननं युरिया कालवला होता. मोटारीच्या वायरीचा जोड सुटला आणि टोक हौदात पडलं. स्टार्टर लांब, पार बांधाच्या टोकाला. बरोबर त्याचा चुलतभाऊ होता, तो म्हणाला, थांब, मी बंद करून येतो. सोपान म्हणाला, "आरं युरियाचं पाणी हाय हे. ह्यातून करंट जात न्हाई. सरांनी दावलं न्हवतं का आमाला?" आणि लाइट जायच्या आत खत सोडायचं म्हणून त्यानं वायर बाहेर ओढायला हौदात हात घातला.

चुलतभावानं हे मातीच्या वेळी सांगितलं, पुरुषांत. सर मातीला आले होते. ऐकलं आणि ते बांधावरच खाली बसले. दोघांनी धरून उठवलं तेव्हा उठले. तिथल्या चार शहाण्यांनी ठरवलं, की हे घरी सांगायचं नाही. त्याच्या आईला सांगायचं, पाय घसरला. आम्ही बाया तेव्हा घराकडं होतो. मला हे चुलतभावानं पुढं माझ्या गाडीत सांगितलं, पुढच्या सीटच्या दांड्याला धरून, रडत. मी त्याला तिकीट द्यायचं विसरले.

त्यानंतर सरांनी बल्बचा प्रयोग केला नाही. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. बंधांचा धडा आला की फळ्यावर व्याख्या लिहून द्यायचे आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहायचे. लग्नांना जाणं बंद. मला एकदा काकू भाजीबाजारात भेटल्या, म्हणाल्या, "जेवताना पाण्याचा ग्लास समोर घेऊन बसतात. पीत नाहीत. बघतात नुसते. तू बोल की गं त्यांच्याशी." मी काय बोलणार? मला जाऊन बोलायचं धाडसच झालं नाही.

शेवटी तेच आले. निवृत्त झाल्यावर काही दिवसांतच, बीडला माझ्या खोलीवर, खांद्याला कापडी पिशवी. चहा नको म्हणाले. "एक ग्लास पाणी दे. फिल्टरचं नको, नळाचं दे." मी दिलं. पिशवीतनं त्यांनी त्या कार्बनच्या कांड्या काढल्या, वायर काढली, तोच झिरोचा बल्ब. मला भिंतीजवळ सरकवलं. कांड्या माझ्या पाण्याच्या ग्लासात सोडल्या आणि बटण दाबलं. बल्ब लागला. मिणमिणता, पण लागला.

"मीठ घातलं नाही," सर म्हणाले. "साखर घातली नाही. नुसतं तुझ्या घरचं पाणी आहे."

मी बल्बकडं बघत राहिले.

"आपल्या नळाच्या, बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात. आपल्या इकडं तर फारच. हंड्याला पांढरा थर बसतो बघ, तेच. ते आयनच असतात. मग त्यात साखर घाल, युरिया घाल, काय घाल, करंट जायचा तो जातोच. युरिया अडवत नाही. युरिया फक्त स्वतः नेत नाही."

"मग सर, तुम्ही आम्हाला—"

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "नोकरीला लागलो त्याच वर्षी मी शाळेच्या बोअरच्या पाण्यात प्रयोग केला. साखरेतही बल्ब लागला. पोरं हसली. मला लाज वाटली. फरक स्वच्छ दिसेना. म्हणून मी बीडहून पाणी आणायला लागलो. फरक दिसला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. हे पाणी वेगळं आहे, घरचं असं नसतं, हे सांगायचं मला सुचलं नाही. सांगितलं असतं तर धडा गिचमीड झाला असता."

मला भडभडून आलं, आणि मला असं भडभडून आलं की मी भांडायलाच लागते. मी म्हणाले, सर, वायरीचा जोड सुटला तो तुम्ही सोडवला का, स्टार्टर लांब लावला तो तुम्ही का, लाइट तीन तास देतात ते तुम्ही का. उगाच स्वतःला का जाळताय? सरांनी सगळं ऐकून घेतलं, जसं वर्गात चुकीचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचे. मग म्हणाले, "वायर पडली ते वेगळं. हात घातला ते वेगळं. हात त्याचा होता, घालायला मी लावला." आणि बल्ब रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

मग सुरू झालं त्यांचं हिंडणं. जुना विद्यार्थी जिथं असेल तिथं. कुणी वस्तीवर, कुणी दुकानात, कुणी पिठाच्या गिरणीत. स्कूटर काकूंनी चालवू दिली नाही, म्हणून एसटीनं. निम्म्या वेळा माझ्याच गाडीत. पुढून तिसऱ्या सीटवर खिडकीशी, पिशवी मांडीवर. उतरायचे, त्या घरचं पाणी मागायचे, बल्ब लावून दाखवायचे, म्हणायचे, "मी तुम्हाला अर्धं शिकवलं होतं, हे राहिलेलं अर्धं," आणि परतीच्या गाडीला हजर. लोक चहा द्यायचे, हो हो म्हणायचे आणि पाठ फिरली की हसायचे. गाडीत दोन टारगट म्हणाले, "मीठसाखर सर खुळं झालं बे." मी दोघांना पुढच्या फाट्यावर उतरवलं. उतरवायचा मला अधिकार नव्हता. तरी उतरवलं.

पण एक घर राहत होतं. सर त्या डोंगरातल्या गावाचं तिकीट काढायचे, गाडी शेवटच्या थांब्याला लागायची, ड्रायव्हर चहाला जायचा, माणसं उतरून जायची, आणि सर सीटवर तसेच. समोर उतारावर सोपानचं घर दिसायचं. मोसंबीची बाग वाळून गेली होती, तिच्या काड्या उभ्या होत्या. सर बघत राहायचे. गाडी वळली की म्हणायचे, "बीड एक." असं कितीतरी वेळा. मला बघवेना. पण मी त्यांना उतरा म्हणाले नाही. त्या घरी मीसुद्धा जाऊ शकत होते, आणि मीसुद्धा गेले नव्हते.

एक दिवस ते आपणहून उठले. पिशवी सीटवरच ठेवली. म्हणाले, "येतेस?" मी ड्रायव्हरला हात केला आणि त्यांच्या मागोमाग उतरले.

सोपानची आई कोकरांना पाला टाकत होती. बाग गेल्यावर ती पुन्हा मेंढरांकडं वळली होती. तिनं सरांना ओळखलं. "मास्तर, तुमी? या की. सोप्या लई नाव घ्यायचा तुमचं." तिनं बाज टाकली, तांब्या आणून ठेवला. सरांनी तांब्याला हात लावला नाही. बाजेच्या कडेवर बसले आणि धडा सांगावा तसं सरळ सांगायला लागले. सोपान घसरला नाही. त्यानं हात घातला. मी शिकवलं होतं, म्हणून घातला. आणि मी शिकवलं ते अर्धंच होतं.

तिनं पाल्याची पेंडी खाली ठेवली. "म्हंजी त्यो घसरला न्हाई?"

"नाही."

"जाणून हात घातला?"

"काही होत नाही असं त्याला वाटलं."

"आन् ह्ये समद्या गावाला ठावं व्हतं?" सर खाली बघत राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुला बी?"

"हो, मावशी," मी म्हणाले.

"मग आज कावून सांगाया आलात, मास्तर?"

"सांगितल्याशिवाय राहवेना," सर म्हणाले.

"तुमाला राहवंना," ती म्हणाली. एक कोकरू तिच्या लुगड्याला तोंड लावत होतं, तिनं त्याला हातानं बाजूला केलं. मग बोलली, आवाज न चढवता. "सोप्याच्या बापाचं म्हणणं, पोरगं मेंढरामागं पायजे. म्या भांडले. म्या एकली हिंडले रानोमाळ, उन्हाची, पावसाची. पर त्याला शाळंत बसविलं. पोरगं गेलं तवा बी मला वाटायचं, एवढं एक आपुन त्याचं बरं केलं. त्याला शाळा दावली. तेवढ्यावर म्या जगत व्हते, मास्तर. आज तुमी ते बी नेलं."

सर उठले नाहीत. मी दंडाला धरलं तेव्हा उठले. ती म्हणाली, "जावा आता," आणि पाल्याची पेंडी उचलली.

परतीच्या वाटेला मला नुसता संताप आला होता. सरांचा आला, की आपलं ओझं उतरवायला त्या बाईच्या डोक्यावर ठेवलं. गावातल्या शहाण्यांचा आला. सोपानचा तर सगळ्यात जास्त आला, एवढा हुशार होता तर बांधाच्या टोकाला जाऊन स्टार्टर बंद करायला काय झालं होतं? सर खिडकीतनं बाहेर बघत होते. बीड आलं तेव्हा म्हणाले, "ती बरोबर बोलली." ते उतरून गेले, आणि त्यानंतर कुठल्या गावाला गेले नाहीत.

सोपानची आई आठवडी बाजाराला माझ्याच गाडीत यायची. त्या दिवसानंतर माझ्याशी बोलणं बंद. सुटे पैसे हातावर ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. पण उतरताना न चुकता एक विचारायची, "मास्तर हाय का?" मी म्हणायचे, "हाय, मावशी." ती म्हणायची, "बरं." दर बाजाराला हेच. मला वाटलं, निवतेय हळूहळू. एकदा घरी जाऊन मी सरांना सांगितलं, की मावशी दर आठवड्याला तुमची चौकशी करते. सर खाटेवर पडून होते, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. "काय विचारते?" म्हणाले. मी म्हणाले, "आहात ना, म्हणून विचारते." सर उठून बसले. काकूंना हाक मारली, "अहो, ऐकलं का?" आणि तीच गोष्ट मला काकूंच्या समोर परत सांगायला लावली. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं काकू सांगतात.

थंडीत सर गेले. मी रजा टाकून गेले होते. जुनी पोरं आली होती, ज्यांच्या घरी त्यांनी बल्ब लावला होता तीही आली होती, आणि कुणी हसत नव्हतं. काकू एवढंच म्हणाल्या, "तपासायचं राहूनच गेलं बघ त्यांचं."

पुढच्या बाजाराला गाडी डोंगरातल्या गावी लागली. सोपानची आई पिशवी घेऊन थांब्यावर उभी होती. चढायच्या आधीच तिनं विचारलं, "मास्तर हाय का?"

मी खाली उतरले. म्हणाले, "गेले, मावशी."

ती पिशवी खाली ठेवून थांब्याच्या दगडावर बसली. मी तिच्याजवळ बसले. मला वाटलं ती म्हणेल, मी माफ केलं होतं त्याला. माणूस असंच काहीतरी ऐकायला बसतो.

"म्या रोज कोकरं सोडताना त्याला शिव्या घालीत व्हते," ती म्हणाली. "रोज. त्यो हाय म्हणलं की बरं वाटायचं. शिव्या कुठंतरी पोचत्यात आसं वाटायचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याच्या आदी देवाला घालीत व्हते. देव कवा आला का दारात, म्या चुकलो म्हणाया? ह्यो आलता. बाजंवर बसून ऐकून घेतलं त्यानं. आता म्या कुणाला बोलू?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती बाजाराला आली नाही, पिशवी उचलून उतारानं घराकडं परत गेली. मी गाडीत चढले आणि डबल बेल दिली.